परत येणारा दाब

१९८९ सालची गोष्ट आहे. मी कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि वर्गातल्या एका मित्राकडे यामाहा आरएक्स १०० होती. त्या काळात ही गाडी म्हणजे तरुणांचे दैवतच होते. ९८ सीसीचे इंजिन, ११ अश्वशक्ती आणि तो विशिष्ट, किंचित कर्कश आवाज. गाडी आणखी पळावी म्हणून आम्ही दोघांनी एक सरळसोट विचार केला. इंजिनाचा धूर ज्या नळीतून बाहेर पडतो, ती जितकी आखूड आणि मोकळी, तितका अडथळा कमी. आणि अडथळा कमी तर जोर जास्त. जुन्या बाजारातून दुसरा सायलेन्सर आणला, तो सुरुवातीच्या अरुंद भागापाशी करवतीने कापला आणि ती वीतभर पुंगळी गाडीला लावून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो.

आवाज असा झाला, की वाटेतल्या गावांमधली कुत्री पाठीमागे लागली. मात्र वाघबिळाच्या चढावर गाडीने मान टाकली. एरवी तिसऱ्या गिअरमध्ये सहज चढणारी गाडी दुसऱ्यातही कुरकुरू लागली. शेवटी मी उतरून चालत निघालो आणि मित्र एकटाच गाडी घेऊन वर गेला.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात ओळखीच्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी कापलेली नळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, “निम्मं इंजन कापून टाकलासा की रं पोरांनो! ही काय धुराडं हाय व्हय?”

सायलेन्सर म्हणजे निम्मे इंजिन कसे, हे मात्र मेस्त्रींना सांगता आले नाही. “बॅक प्रेशर लागतंय,” एवढेच ते म्हणाले. आमच्या पाठ्यपुस्तकात तर त्याच्या नेमके उलट लिहिले होते: मागचा दाब म्हणजे निव्वळ तोटा. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असतील, हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. पुढे नोकरीच्या निमित्ताने त्याचे उत्तर शोधता शोधता मी जर्मनीतल्या एका लहानशा गावाच्या इतिहासापर्यंत पोहोचलो. त्या गावाचे नाव चोपाउ.

टू-स्ट्रोक इंजिनाची मूळ अडचण आधी समजून घ्यायला हवी. फोर-स्ट्रोक इंजिनात जळलेला वायू बाहेर ढकलायला पिस्टनची एक पूर्ण फेरी राखून ठेवलेली असते. टू-स्ट्रोकला एवढी चैन नाही. त्याच्या सिलिंडरच्या भिंतीतच दारे असतात आणि पिस्टन वर-खाली होताना ती उघडतो, झाकतो. पिस्टन खाली येताना आधी धूर जाण्याचे दार उघडते, मग जरा खालची ताज्या मिश्रणाची दारे. म्हणजे काही काळ दोन्ही दारे एकदमच उघडी! पाहुणे पुढच्या दाराने आत येत आहेत आणि त्याच वेळी मागचे दारही सताड उघडे आहे. मग आलेल्यांपैकी काहीजण थेट मागच्या दाराने निघून जाणारच. हे निघून जाणारे पाहुणे म्हणजे न जळलेले पेट्रोल.

आता नळीकडे पाहू. धुराचे दार उघडते त्या क्षणी सिलिंडरमधला दाब पुष्कळ असतो. त्यामुळे नळीत नुसता धूर शिरत नाही, तर दाबाचा एक ठोका शिरतो आणि तो लाटेसारखा पुढे धावतो. धूर आणि लाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धूर सावकाश जातो, तर लाट त्या तापलेल्या वायूतल्या ध्वनीच्या वेगाने जाते. साध्या हवेत हा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. वायू ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असेल, तर तो ५०० मीटरपर्यंत जातो.

नळीची रुंदी बदलते तिथून या लाटेचा काही भाग उलटा फिरतो. नवरात्रात महाद्वार रोडवर गर्दीत सापडलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. अरुंद बोळातून निघालेली गर्दी चौकात पोहोचली, की पुढची माणसे पांगतात, त्यांच्यामागे मोकळी जागा होते आणि ती मोकळीक एकेका रांगेने बोळात मागे मागे सरकत येते. उलट चौकातली गर्दी बोळात शिरू लागली, की तोंडाशी ती तुंबते आणि रेटा मागच्यांना जाणवतो. नळीतही तसेच होते. नळी पसरट होत गेली, तर परत येते ती ओढ. नळी निमुळती होत गेली, तर परत येतो तो दाब.

टू-स्ट्रोकला नेमक्या या दोन्ही गोष्टी हव्या असतात, पण ठरलेल्या क्रमाने. आधी ओढ, म्हणजे जळलेला वायू बाहेर खेचला जाईल आणि ताजे मिश्रण आत येईल. मग दार मिटण्याच्या क्षणभर आधी दाब, म्हणजे उंबरठ्याबाहेर गेलेले मिश्रण परत घरात ढकलले जाईल. म्हणून नळी आधी सनईच्या तोंडासारखी पसरत न्यायची, मग पुन्हा निमुळती करायची आणि शेवटी एका बारीक शेपटीतून धूर सोडायचा. मधोमध फुगलेल्या या नळीला एक्सपान्शन चेंबर म्हणतात. तिच्यात हलणारा एकही भाग नसतो. पत्र्याचे दोन शंकू, एवढाच तिचा ऐवज.

हिशेब करून पाहण्याजोगा आहे. मिनिटाला १०,००० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा एक फेरा ६ मिलिसेकंदांत होतो. धुराचे दार त्यातला निम्म्याहून थोडा जास्त वेळ, म्हणजे ३ मिलिसेकंदांच्या आसपास उघडे असते. तेवढ्या वेळात आपली लाट दीड मीटर जाते. जाऊन परत यायचे, म्हणजे तिला उलटे फिरवणारा शंकू दारापासून सुमारे पाऊण मीटरवर हवा. हेच इंजिन ५,००० फेऱ्यांवर चालवले, तर दार दुप्पट वेळ उघडे राहील. तीच लाट निम्म्या वाटेवरच येऊन थडकेल आणि आत येणाऱ्या मिश्रणाच्या आड येईल. म्हणून अशा इंजिनाला खालच्या वेगात दम नसतो, आणि विशिष्ट वेग गाठला की ते अंगात आल्यासारखे सुटते.

मेस्त्रींचे बॅक प्रेशर आणि पुस्तकातला तोटा, दोन्ही खरे होते. सतत राहणारा दाब इंजिनाचा श्वास कोंडतो. योग्य क्षणी परत येणारा दाब तो भरून देतो. आम्ही वाघबिळाच्या चढावर तो परत येणारा दाबच कापून टाकला होता.

ही नळी सापडली कशी, याची कहाणी मोटारसायकलच्या पुस्तकांत सहसा एका माणसाच्या नावावर लावलेली असते. ती तेवढी सरळ नाही.

सॅक्सनी प्रांतातल्या चोपाउ गावात डेन्मार्कहून आलेल्या रासमुसेन नावाच्या उद्योजकाने विसाव्या शतकाच्या आरंभी कारखाना काढला. पुढे त्याचे नाव डीकेडब्ल्यू पडले आणि १९२० च्या दशकाअखेर तो जगातला सर्वांत मोठा मोटारसायकल कारखाना झाला. हे टू-स्ट्रोकचे माहेरघर. १९३८ साली आइल ऑफ मॅन बेटावरच्या प्रसिद्ध टीटी शर्यतीत एवाल्ड क्लुगे याने डीकेडब्ल्यूवर २५० सीसीचा गट जिंकला. त्या इंजिनात मिश्रण जबरदस्तीने कोंबण्याची यांत्रिक सोय, म्हणजे सुपरचार्जिंग होते. युद्धानंतर १९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय शर्यतींत सुपरचार्जिंगवर बंदी आली आणि टू-स्ट्रोकच्या हातातले हत्यारच गेले. पंप लावायचा नाही आणि तरी सिलिंडर भरायचा, ही त्यानंतरची समस्या. तिचे उत्तर नळीत मिळाले. जर्मनी शर्यतींत परतला, तेव्हा १९५१ मध्ये डीकेडब्ल्यूच्या शर्यतीच्या गाड्यांवर एरिख वोल्फ या अभियंत्याच्या फुगीर नळ्या दिसू लागल्या. हा डीकेडब्ल्यू पश्चिम जर्मनीत नव्याने उभा राहिला होता. चोपाउचा मूळ कारखाना सोव्हिएत ताब्यातल्या पूर्व भागात गेला होता, आणि त्याचेच नाव पुढे एमझेड झाले.

तिथे १९५३ साली शर्यत विभागाची सूत्रे वॉल्टर काडेन याच्याकडे आली. काडेनचा जन्म १९१९ चा. त्याचे वडील डीकेडब्ल्यूच्या विक्रीप्रमुखाच्या मोटारीचे चालक होते. युद्धात त्याने हेन्शेल कंपनीत हर्बर्ट वाग्नर यांच्या हाताखाली एचएस २९३ या रेडिओने नियंत्रित होणाऱ्या क्षेपणास्त्रावर काम केले आणि १९४३ मध्ये तो पेनेम्युंडेला होता. युद्ध संपल्यावर अमेरिकनांच्या कैदेतून सुटून तो गावी परतला आणि त्याने घरांच्या छपरांच्या लाकडी कैच्या बनवण्याचा धंदा केला. फावल्या वेळात मोटारसायकल.

व्ही-१ या उडत्या बॉम्बच्या धडधडणाऱ्या इंजिनावरून काडेनला नळीची कल्पना सुचली, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. कथा आकर्षक आहे, पण मला ती पटत नाही. त्याचे काम होते एचएस २९३ वर, आणि त्याला रॉकेट होते; व्ही-१ सारखे ठोक्याठोक्याने चालणारे इंजिन नव्हते. शिवाय फुगीर नळी वोल्फने आधीच रस्त्यावर आणली होती. काडेनच्या इंजिनाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे मिश्रण आत घेणारी फिरती चकती. तीही डॅनियल त्सिमरमान या स्थानिक गाडीवेड्याच्या इंजिनातून आली होती. मग काडेनचे काय?

माझ्या मते काडेनने केले ते मोजमाप. त्याने नळीतला दाब ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर आणला. लाट कधी निघते, कधी परततेय, हे डोळ्यांनी पाहिले आणि शंकूचा उतार, नळीची लांबी, दाराची उंची यांत फेरफार करून पुन्हा पाहिले. आणि हे वर्षानुवर्षे केले, तेही साहित्याची आणि पैशाची कायम ओढाताण असलेल्या देशात. १९६१ साली त्याचे १२५ सीसीचे इंजिन २५ अश्वशक्ती देऊ लागले. लिटरला २०० अश्वशक्ती, तीही सुपरचार्जिंगशिवाय! असे इंजिन तोवर झाले नव्हते. तुलनेसाठी माझ्या मित्राची आरएक्स १०० घ्या: चोवीस वर्षांनंतर, १९८५ साली बाजारात आलेली ती झटपट गाडी लिटरला ११२ वर होती. अर्थात ती रस्त्यावर रोज चालायची होती, आणि काडेनच्या इंजिनाला एक शर्यत निभावली तरी पुरे होते.

कित्येकदा तीही निभत नसे. एवढ्या उष्णतेत पिस्टन अडकत, जळत. १९६१ च्या मोसमात मात्र एमझेडचा स्वार आणि स्वतः जाणता तंत्रज्ञ असलेला एर्न्स्ट डेग्नर १२५ सीसीच्या विश्वविजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. १३ ऑगस्टला बर्लिनची भिंत उभी राहू लागली. १७ सप्टेंबरला स्वीडनमधल्या क्रिस्टियनस्टाडला शर्यत होती. शर्यतीत डेग्नरचे इंजिन बंद पडले. त्याच सुमारास त्याची बायको आणि दोन लहान मुले एका मित्राच्या मदतीने मोटारीत लपून सरहद्द ओलांडून पश्चिमेत पोहोचली होती. डेग्नर संघासोबत परत गेलाच नाही. डेन्मार्कमार्गे तो पश्चिम जर्मनीत गेला. अर्जेंटिनातल्या अखेरच्या शर्यतीत त्याला उतरता आले नाही आणि विजेतेपद होंडाच्या टॉम फिलिसला मिळाले.

त्या हिवाळ्यात डेग्नर जपानमध्ये हमामात्सुला होता, सुझुकीच्या कारखान्यात. १९६० साली आइल ऑफ मॅनवर पहिल्यांदा उतरलेल्या सुझुकीच्या गाड्या तेव्हा खूप मागे पडल्या होत्या. १९६२ मध्ये त्याच बेटावर डेग्नरने सुझुकीवर ५० सीसीची टीटी जिंकली. क्लुगेनंतर चोवीस वर्षांनी टू-स्ट्रोकने तिथे जिंकलेली ही पहिली शर्यत. त्याच वर्षी तो ५० सीसीचा विश्वविजेता झाला. टू-स्ट्रोकचे ते पहिले विश्वविजेतेपद होते. पुढे १९७५ पासून २००१ पर्यंत सर्वांत मोठ्या ५०० सीसी गटाचे प्रत्येक विजेतेपद टू-स्ट्रोककडेच गेले, आणि त्यातल्या प्रत्येक गाडीच्या पोटाखाली तेच दोन शंकू होते.

काडेनच्या इंजिनांनी १३ ग्रां प्री जिंकल्या. विश्वविजेतेपद एमझेडला कधीच मिळाले नाही.

ही कहाणी इंग्रजीत आणि जर्मनमध्ये अनेकदा चोरीची म्हणून सांगितली जाते. मी ती पहिल्यांदा वाचली, तेव्हा मलाही राग आला होता. आजही डेग्नरने विश्वासघात केला नाही, असे मी म्हणणार नाही. काडेनने त्याला मुलासारखे शिकवले होते की नाही, हे सोडून द्या. आपल्या हातचे सगळे त्याच्यापुढे उघडे ठेवले होते, एवढे नक्की. आणि त्याच्या जाण्याने ज्याचे वर्षानुवर्षांचे काम दुसऱ्याच्या नावावर चढले, तो माणूस भिंतीअलीकडेच राहिला.

पण प्रश्न असा आहे, की नेमके काय चोरीला गेले? रेखाचित्रे आणि काही सुटे भाग डेग्नरने नेले, असे सांगतात. समजा नेले. फुगीर नळी तर शर्यतीच्या मैदानावर उघड्यावर दिसत होती. कोणीही फूटपट्टी लावावी. तिच्या मापांना एकट्याने अर्थ नाही. दाराची वेळ, नळीची लांबी, चकतीचा खाचा, हे सगळे एकमेकांशी बांधलेले असते. डेग्नर घेऊन गेला तो हा संबंध. काय बदलले की काय बिघडते, कोणत्या वाटेला जाऊन उपयोग नाही, किती पिस्टन कशाने जळाले, याची आठवण. ती त्याच्या डोक्यात होती, आणि ती चोपाउला ठेवून येण्याचा कोणताही मार्ग त्याच्याकडे नव्हता.

याला आणखी एक संदर्भ आहे. डीकेडब्ल्यूची युद्धापूर्वीची आरटी १२५ ही साधी, सुंदर गाडी युद्धानंतर जेत्यांनी लूट म्हणून वाटून घेतली. तिच्या आराखड्यावरून ब्रिटनमध्ये बीएसए बँटम निघाली, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने आपली छोटी गाडी काढली, सोव्हिएत संघात मॉस्क्वा निघाली. आणि १९५५ साली जपानमधल्या एका वाद्ये बनवणाऱ्या कंपनीने तिच्याच धर्तीवर आपली पहिली मोटारसायकल काढली, वायए-१. ती कंपनी यामाहा. म्हणजे डेग्नरच्या आधी सहा वर्षे चोपाउची विद्या जपानला पोहोचली होती आणि तेव्हा कोणी चोरी हा शब्द वापरला नव्हता. माझ्या मित्राच्या आरएक्स १०० ची वंशावळ मागे नेली, तर तीही शेवटी याच गावात पोहोचते.

हा प्रश्न मला इतका का छळतो, हेही सांगायला हवे. १९९० च्या दशकात मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात इंजिन चाचणी विभागात होतो. टू-स्ट्रोकचे दिवस भरत आले होते. बाहेर निसटणारे मिश्रण शर्यतीत परत ढकलता येते, पण ऑफिसला जाणारा माणूस सिग्नलला थांबतो, गल्लीतून हळू जातो आणि त्या वेगांना नळीची लाट वेळेवर येत नाही. साध्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये पाव हिस्सा पेट्रोल न जळता बाहेर जाणे ही नवलाची गोष्ट नव्हती. प्रदूषणाचे नियम कडक होत होते आणि आम्ही रात्रंदिवस नळ्यांचे आकार बदलून पाहत होतो. तीन वर्षांत माझी एक वही भरली. त्यात यशापेक्षा अपयशेच जास्त होती: अमुक उतार, अमुक लांबी, उपयोग नाही.

मग मला दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली. शेवटच्या दिवशी वरिष्ठांनी मला बोलावले. मी वही त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती चाळली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि हसून म्हणाले, “वही ठेवलीत, हे चांगलं केलंत. बाकीचं काही ठेवता येणार नाही तुम्हाला.”

नव्या जागी पहिल्याच महिन्यात तरुण सहकारी एक नळी तयार करायला निघाले होते. ती चालणार नाही, हे मला माहीत होते. माझ्या वहीच्या कुठल्यातरी पानावर ते लिहिलेले होते. मी दोन दिवस गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी सांगितले. ते बरोबर होते की चूक, हे मला आजही ठरवता आलेले नाही. त्या रात्री डेग्नरवरचा माझा राग मात्र थोडा कमी झाला.

डेग्नरला सुख लाभले असेही नाही. १९६३ मध्ये जपानमधल्या सुझुकाच्या शर्यतीत त्याची गाडी पेटली आणि तो भयंकर भाजला. १९८३ साली टेनेरीफ बेटावर तो वारला. सुझुकाच्या मैदानावरच्या एका वळणाला त्याचे नाव आहे, तेही १९६२ मध्ये तो तिथे पडला म्हणून. काडेन चोपाउच्या परिसरातच राहिला, १९७० च्या दशकापर्यंत शर्यतीची इंजिने करत राहिला. भिंत पडलेली त्याने पाहिली. १९९६ मध्ये तो गेला.

आता रस्त्यावर टू-स्ट्रोक क्वचितच ऐकू येते. पोरांच्या बुलेटच्या पुंगळ्या काढलेल्या असतात आणि पोलीस अधूनमधून जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात. फोर-स्ट्रोकला मागचा दाब नको, धुराचे आणि मिश्रणाचे अशा दोन्ही झडपा क्षणभर एकदम उघड्या असताना हलकी ओढ मात्र हवी, आणि तीही नळीच्या लांबीवरच अवलंबून असते. पुंगळी काढून आवाज वाढतो, जोर वाढेलच असे नाही. पण हे सांगायला मी कोण? मीही एकेकाळी करवत चालवली आहे.

ती कापलेली नळी मेस्त्रींनी ठेवून घेतली होती. दोन आठवड्यांनी गेलो, तर त्यांनी पत्रा वळवून तिला पुढचा भाग जोडलेला! मापे कुठून आणली म्हणून विचारले. गिऱ्हाइकाची आरएक्स दुरुस्तीला आली होती, तिच्या सायलेन्सरला सुतळी लावून त्यांनी मापे घेतली होती. आतला शंकू दिसत नाही, म्हणून बाहेरून ठोकून, आवाज ऐकून, तो कुठे सुरू होतो याचा अंदाज घेतला होता.

“दुसऱ्याचं बघूनच शिकायचं असतंय,” ते म्हणाले, “फकस्त कुणाचं बघितलं ते इसरायचं न्हाई.”

ती जोडलेली नळी लावून आम्ही पुन्हा पन्हाळ्याला गेलो. वाघबिळाच्या चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढली. अस्सल सायलेन्सरइतकी नाही, पण मला उतरावे लागले नाही.